वय थोडं, वजन अफाट

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री आठच्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून दक्षिणेला पाहिलं, तर फोमलहॉट हा तारा एकटाच ठळक दिसतो. हात ताठ धरून त्याच्या डावीकडे, जवळजवळ त्याच उंचीवर, वीतभर अंतर मोजलं की आपण शिल्पकार नावाच्या मंद तारकासमूहात पोचतो. गावाच्या दिव्यांपासून थोडं बाजूला गेलं तर इथलं आकाश शहरात कधी दिसणार नाही इतकं काळं असतं. तरीही त्या जागी डोळ्यांना काही सापडत नाही.

त्या रिकाम्या जागी सुमारे ३५० कोटी प्रकाशवर्षांवर एबेल २७४४ हा दीर्घिकांचा अवाढव्य समूह आहे. त्याच्या वस्तुमानामुळे मागून येणारा प्रकाश वाकतो, एकवटतो आणि मूळच्यापेक्षा तेजस्वी होऊन आपल्यापर्यंत येतो. समूहच भिंगाचं काम करतो. गेल्या काही वर्षांत या एका भिंगाच्या दिशेने खगोलशास्त्राला मिळालेला ऐवज थक्क करणारा आहे. यूएचझेड-१ आणि जीएचझेड-९ या दोन दीर्घिकांमधून, विश्वाचं वय ५० कोटी वर्षंही झालेलं नसताना निघालेले क्ष-किरण इथे टिपले गेले. क्यूएसओ-१ नावाचा लाल ठिपका इथलाच. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी शोधलेली ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिकाही याच दिशेला आहे.

या सगळ्यामागे एकच प्रश्न आहे. विश्व १३८० कोटी वर्षांचं. त्याच्या पहिल्या शंभर कोटी वर्षांतच सूर्याच्या शंभर कोटी पट वजनाची कृष्णविवरं तयार झालेली दिसतात. एवढ्या थोड्या वयात एवढं वजन आलं कुठून?

प्रश्नाची मुळं १९६३ सालात आहेत. मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या रेडिओस्रोताचा वर्णपट उलगडला आणि त्यातल्या हायड्रोजनच्या रेषा तांबड्या टोकाकडे जवळजवळ १६ टक्के सरकल्याचं दाखवलं. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. विश्व प्रसरण पावतं म्हणून ती होते असं धरलं तर हा ‘तारा’ दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून लांब निघतो, आणि तरीही तो आठ इंची दुर्बिणीतून दिसतो. एप्रिलमध्ये कन्या राशीत एटापल्लीच्या आकाशात तो चांगला उंच येतो. हौशी निरीक्षकाने दुर्बिणीतून पाहावा असा सगळ्यात दूरचा बिंदू बहुधा हाच. इतक्या अंतरावरून एवढा तेजस्वी दिसायचा तर त्या छोट्याशा जागेतून संपूर्ण दीर्घिकेच्या कितीतरी पट ऊर्जा बाहेर पडायला हवी. एडविन सॉलपीटर यांनी १९६४ मध्येच याचं उत्तर सुचवलं: प्रचंड कृष्णविवरावर पडणारा वायू. अशा वस्तूंना क्वेसार म्हणतात.

ते उत्तर सगळ्यांनी लगेच मानलं नाही, आणि न मानणाऱ्यांत आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर होते. हॉल्टन आर्प यांनी वेगवेगळ्या ताम्रसृतीचे क्वेसार आणि दीर्घिका शेजारी शेजारी दाखवल्या, तेव्हा नारळीकरांनी विचारलं की ताम्रसृतीचा काही भाग अंतराखेरीज दुसऱ्या कारणाने येत असेल तर? १९८०च्या सुमारास पी. के. दास यांच्यासोबत त्यांनी त्याचं गणितही मांडलं. पुढे गुरुत्वीय भिंगं सापडली, क्वेसारांच्या प्रकाशात वाटेतल्या वायूने उमटवलेल्या रेषा मोजल्या गेल्या, आणि क्वेसार खरोखरच दूर आहेत हे पक्कं झालं. निकाल नारळीकरांच्या बाजूने लागला नाही. पण ज्या गोष्टीवर सगळी शिडी उभी करायची ती आधी तपासून घ्यायची, हा त्यांचा आग्रह मला आजही मोलाचा वाटतो. २० मे २०२५ रोजी ते गेले. अजित केंभावी यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं क्वेसारांवरचं पाठ्यपुस्तक केंब्रिज विद्यापीठाने १९९९ मध्ये काढलं, आणि त्यात प्रस्थापित मत व आक्षेप दोन्ही प्रामाणिकपणे येतात.

केंभावींचं नाव या लेखात आणखी एका कारणाने येतं. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणातून खाली पोचत नाहीत, त्यामुळे हे शास्त्र अवकाशातच जन्मलं. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने अग्निबाणातून उपकरण पाठवलं, तेव्हा वृश्चिक राशीतला पहिला तेजस्वी स्रोत सापडला आणि त्याच उड्डाणात सगळ्या आकाशभर पसरलेली क्ष-किरणांची मंद पार्श्वभूमीही दिसली. ती कशाची, हा पुढची चाळीस वर्षं वादाचा विषय होता. १९७८ मध्ये सोडलेल्या ‘आइनस्टाइन’ वेधशाळेने क्वेसार जातीनेच क्ष-किरण देतात हे दाखवलं. १९८२ मध्ये केंभावी आणि अँड्र्यू फेबियन यांनी ही पार्श्वभूमी क्वेसारांच्या बेरजेतून कितपत बनते याचा हिशेब मांडला. १९८६ मध्ये केंभावी, एरिक फायगेलसन आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले कुलिंदरपाल सिंग यांनी रेडिओ क्वेसारांच्या गाभ्यातले रेडिओ तरंग आणि क्ष-किरण यांचं नातं तपासलं. सक्रिय कृष्णविवरं मोजायची तर क्ष-किरणांनी मोजा, ही शहाणीव त्या पिढीने घडवली. पुढे ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या खोल छायाचित्रांत ती पार्श्वभूमी बहुतांशी सुट्या सुट्या कृष्णविवरांत विरघळली.

क्ष-किरणच का, हे इथे नीट सांगायला हवं. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. फिरता फिरता त्याची तबकडी होते, ती तापते आणि मुख्यतः अतिनील प्रकाश देते. तबकडीच्या आतल्या कडेजवळ अतितप्त इलेक्ट्रॉनांचा एक मेघ असतो, त्याला कोरोना म्हणतात. अतिनील फोटॉन या इलेक्ट्रॉनांवर आपटून क्ष-किरण होऊन बाहेर पडतात. म्हणजे क्ष-किरण येतात ते कृष्णविवराच्या अगदी उंबरठ्यावरून. नवे तारे जिथे भराभर जन्मतात तिथूनही अतिनील आणि अवरक्त प्रकाश भरपूर येतो, त्यामुळे त्या प्रकाशावरून कृष्णविवर ओळखताना गफलत होऊ शकते. क्ष-किरणांच्या बाबतीत ती शक्यता कमी. शिवाय जास्त ऊर्जेचे क्ष-किरण धूळ आणि वायू भेदून जातात. दूरच्या वस्तूंबाबत ताम्रसृती इथे मदतच करते. ताम्रसृती १० असलेल्या दीर्घिकेची प्रत्येक तरंगलांबी ११ पट ताणली जाते, म्हणून आपल्या दुर्बिणीत २ ते ७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला टिपलेला फोटॉन निघताना २२ ते ७७ चा असतो. दाट वायूलाही तो सहसा थोपवता येत नाही.

आता वजनाचा हिशेब. आत पडणाऱ्या वस्तुमानापैकी साधारण दहा टक्के ऊर्जा होऊन बाहेर पडतं असं धरतात. हा प्रकाश नव्या वायूला मागे रेटतो. गुरुत्वाची ओढ आणि प्रकाशाचा रेटा समसमान होतात ती एडिंग्टन मर्यादा. त्या मर्यादेवर कृष्णविवर एक दिवसही न थांबता खात राहिलं, तर त्याचं वजन दुप्पट व्हायला सुमारे साडेतीन कोटी वर्षं लागतात. बचतगटाच्या चक्रवाढीसारखंच हे: दर ठरलेला असला की शेवटची रक्कम दोनच गोष्टींवर ठरते, मुद्दल किती आणि मुदत किती. पहिल्या पिढीतला तारा कोसळून सूर्याच्या शंभरपट वजनाचं कृष्णविवर झालं असं मुद्दल धरू. त्याचे शंभर कोटी सूर्य व्हायला २३ वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे जवळजवळ ८० कोटी वर्षं. पहिले तारे पेटायलाच १० ते २० कोटी वर्षं गेली.

याच्यासमोर प्रत्यक्ष क्वेसार ठेवून पाहू. २०११ मध्ये सापडलेला जे११२०+०६४१ विश्व ७५ कोटी वर्षांचं असताना सुमारे २०० कोटी सूर्यांचा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेला जे१३४२+०९२८ विश्व ६९ कोटी वर्षांचं असताना ८० कोटी सूर्यांचा. २०२१ मधला जे०३१३-१८०६ तर ६७ कोटी वर्षांत १६० कोटी सूर्यांवर पोचलेला. मुदत पुरत नाही. मग मुद्दल मोठं होतं, की दर मर्यादेपेक्षा जास्त होता? गेल्या पंधरा वर्षांतला जवळजवळ सगळा वाद या दोन पर्यायांमध्येच फिरतो आहे.

या क्वेसारांचे क्ष-किरण पाहणं किती अवघड आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. जे१३४२+०९२८ कडे चंद्रा दुर्बीण साडेबारा तास रोखली, तेव्हा १४ फोटॉन मिळाले. चौदा. एवढ्यावरून लोकांनी त्याची क्ष-किरण दीप्ती काढली, अतिनील दीप्तीशी तिचं गुणोत्तर काढलं, आणि हे गुणोत्तर आपल्या जवळच्या, कितीतरी प्रौढ क्वेसारांसारखंच आहे असा निष्कर्ष निघाला. ताम्रसृती ६ च्या आसपासच्या बऱ्याच क्वेसारांबाबत चित्र साधारण असंच आहे. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कोवळ्या विश्वातल्या त्या तबकड्या आणि त्यांचे कोरोना आजच्यासारखेच चालताना दिसतात. वाढीचं यंत्र इतक्या लवकर पूर्ण बांधून तयार होतं. त्यामुळे कोड्याचं उत्तर या यंत्रात शोधण्यापेक्षा त्याच्या सुरुवातीत शोधावं लागेल, असं वाटायला जागा आहे.

सुरुवातीकडे सगळ्यात जवळ नेणारी वस्तू म्हणजे यूएचझेड-१. अकोश बोगदान यांच्या गटाने एबेल २७४४ कडे चंद्रा दुर्बीण साडेबारा लाख सेकंद, म्हणजे एकूण दोन आठवड्यांहून अधिक वेळ रोखलेली होती. जेम्स वेब दुर्बिणीने तिथे अतिदूर दीर्घिका शोधल्यावर त्यांनी त्या दीर्घिकांच्या जागा क्ष-किरणांच्या चित्रात तपासल्या. एका जागी पार्श्वभूमी वजा करून वीसेक फोटॉन उरले, आणि तेही जास्त ऊर्जेचे. ताम्रसृती १०.१, विश्वाचं वय ४७ कोटी वर्षं. कृष्णविवराचं वजन १ ते १० कोटी सूर्य, म्हणजे त्याच्या दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वजनाच्या तोडीचं. आपल्या जवळच्या दीर्घिकांमध्ये हे प्रमाण साधारण हजारात एक असतं.

प्रियंवदा नटराजन यांनी हीच खूण आधी सांगून ठेवली होती. कोइंबतूरला जन्मलेल्या, दिल्लीत वाढलेल्या आणि आता येल विद्यापीठात असलेल्या नटराजन यांनी ज्युसेप्पे लोदातो यांच्यासोबत २००६ मध्ये दाखवलं की आद्य वायूची तबकडी तारे न बनवता थेट कोसळून दहा हजार ते एक लाख सूर्यांचं ‘जड बीज’ बनू शकते. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने पुढचं भाकीत केलं: असं बीज असलेल्या दीर्घिकेत काही काळ कृष्णविवर ताऱ्यांच्या तुलनेत भलतंच जड दिसेल, आणि क्ष-किरण व अवरक्त दोन्हींत तिची विशिष्ट छाप असेल. यूएचझेड-१ त्या भाकितात बसते. वरचाच हिशेब लावा. एक लाख सूर्यांच्या मुद्दलाचे चार कोटी व्हायला तीस कोटी वर्षं पुरतात. शंभर सूर्यांच्या मुद्दलाला त्यासाठी ६५ कोटी लागतात, आणि तेवढी उपलब्धच नाहीत. पाठोपाठ जीएचझेड-९ मध्येही, त्याच भिंगामागे, जवळजवळ त्याच काळातले क्ष-किरण सापडले.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण ही बातमी सांगताना मधला एक दुवा बहुतेक वेळा गाळला जातो. यूएचझेड-१ चं वजन कुणी थेट तोललेलं नाही. क्ष-किरणांवरून एकूण दीप्ती काढली, त्यासाठी कृष्णविवर फार दाट वायूत गुंडाळलेलं आहे असं धरलं, आणि मग ते एडिंग्टन मर्यादेवर खात आहे असं धरून वजन काढलं. वेबच्या वर्णपटात कृष्णविवराची ठळक खूण मिळाली नाही, सारी भिस्त त्या वीसेक क्ष-किरण फोटॉनांवर आहे. ते जर मर्यादेच्या दहापट वेगाने खात असेल तर वजन दहापट कमी निघेल, आणि जड बीजाची गरजही तितकीच कमी होईल. जड बीजं असावीत याकडे माझा कल आहे. पण यूएचझेड-१ ने ते सिद्ध केलं असं म्हणणं घाईचं आहे.

मर्यादा मोडणारे खाणारे असतात का? असतात, आणि हेही क्ष-किरणांनीच दाखवलं. एलआयडी-५६८ हे विश्व दीडशे कोटी वर्षांचं असतानाचं, सूर्याच्या सुमारे ७२ लाख पट वजनाचं कृष्णविवर. चंद्राच्या सर्वेक्षणात ते उठून दिसत होतं, पण साध्या प्रकाशात जवळजवळ अदृश्य होतं. वेबने वर्णपट घेतल्यावर २०२४ मध्ये कळलं की ते मर्यादेच्या ४० पट वेगाने गिळत आहे. २०२५ मध्ये आरएसीएस जे०३२०-३५ या, विश्व ९२ कोटी वर्षांचं असतानाच्या रेडिओ क्वेसारचा क्ष-किरण वर्णपट मर्यादेच्या २.४ पट वाढीशी जुळला. अशी भूक किती काळ टिकते हा खरा प्रश्न. थोड्या लाख वर्षांचे घास आणि मग उपास, असं असेल तर सरासरी दर फारसा बदलत नाही. दहावीस फोटॉनांच्या चित्रातून एका क्षणाचा दर मिळतो, आयुष्यभराचा नाही.

दुसरं अवघड प्रकरण लाल ठिपक्यांचं. वेबने कोवळ्या विश्वात शेकड्यांनी सापडवलेल्या या लहान, लाल, गच्च वस्तूंच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा रुंद आहेत, म्हणजे वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो आहे. हे कृष्णविवराचं लक्षण. पण क्ष-किरणांत बहुतेक ठिपके दिसतच नाहीत, शेकडो ठिपक्यांचं चित्र एकावर एक रचलं तरी सिग्नल हवा तितका वर येत नाही. एकतर ते क्ष-किरणांनाही गिळणाऱ्या दाट वायूच्या कोषात आहेत, किंवा मर्यादेपलीकडच्या भक्षणात त्यांचा कोरोना दुबळा पडला आहे, किंवा त्यांची वजनं आपण फुगवून मोजली आहेत. एबेल २७४४ मागच्या क्यूएसओ-१ ने यातल्या तिसऱ्या शंकेला काहीसं उत्तर दिलं. विश्व ७५ कोटी वर्षांचं असतानाच्या या ठिपक्याभोवतीच्या वायूचं फिरणं वेबने मोजलं आणि वजन सुमारे ५ कोटी सूर्य निघालं. भोवती ताऱ्यांचं वजन फारच थोडं. दीर्घिकेच्या आधी कृष्णविवर, असा क्रम निदान काही ठिकाणी असावा. या वाचनावर अजून एकमत नाही, पण थेट तोललेलं वजन ही वेगळ्याच प्रतीची साक्ष असते.

एटापल्ली तालुक्यात बसून या विषयाकडे पाहताना लोखंड टाळता येत नाही. सुरजागडच्या डोंगरात जे मूलद्रव्य आहे, तेच क्ष-किरण वर्णपटातलं सगळ्यात बोलकं मूलद्रव्य आहे. तबकडीतल्या लोहाच्या अणूवर कोरोनाचे क्ष-किरण आदळले की ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला एक रेषा उमटते. कृष्णविवराच्या अगदी जवळ ही रेषा गुरुत्वाने ताणली जाते, रुंद आणि तिरपी होते. १९९५ मध्ये जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाने एका जवळच्या दीर्घिकेत ती तशी पाहिली. ताम्रसृती ६.४ असलेल्या क्वेसारमध्ये हीच रेषा सरकून ०.८६ वर येते, आणि चौदा फोटॉनांत ती वेगळी काढणं आज शक्य नाही. पण त्या क्वेसारांत लोह आहे, हे अवरक्त वर्णपटावरून माहीत आहे. ताम्रसृती ७ पर्यंत मॅग्नेशियमच्या तुलनेत लोहाच्या रेषांचं प्रमाण जवळच्या क्वेसारांइतकंच भरतं. सुरजागडचं लोह काय किंवा त्या क्वेसारांतलं काय, ताऱ्यांच्या पोटातूनच आलेलं. म्हणजे पाऊण अब्ज वर्षांच्या आत तिथे ताऱ्यांनी जन्मून, फुटून, लोह उधळूनही झालं होतं. कृष्णविवरासोबत तिथे आणखी बरंच काही घाईने घडलं.

महाराष्ट्रातल्या उपकरणांचा या कामातला वाटा काय, हे नेमकं सांगितलं पाहिजे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरची सौम्य क्ष-किरण दुर्बीण टाटा संस्थेत बांधली गेली, कुलिंदरपाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली. तिचे सोन्याचा मुलामा दिलेले पातळ आरसे तिथेच घडले. या दुर्बिणीला ताम्रसृती ६ चे क्वेसार दिसत नाहीत, तेवढी तिची झेप नाही. जवळच्या सक्रिय दीर्घिका क्ष-किरण आणि अतिनील या दोन्हींत एकाच वेळी पाहणं हे ॲस्ट्रोसॅटचं बळ. तबकडी आणि कोरोना एकमेकांशी कसे वागतात हे असंच कळतं, आणि दूरच्या चौदा फोटॉनांचा अर्थ शेवटी याच नियमांवर लावला जातो. याच टाटा संस्थेतल्या मयंक वाहिया यांनी गणेश हळकारे यांच्यासोबत गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सप्तर्षीतल्या चार ताऱ्यांची खाट आणि मागचे तिघे चोर ही गोष्ट त्यांनी गावोगाव ऐकून नोंदवली. उपग्रहाची दुर्बीण बांधणाऱ्या संस्थेने या जंगलातल्या आकाशाकडेही तितक्याच आस्थेने पाहिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

पुढचं पाऊल मोठ्या आरशांचं आहे. युरोपची ‘न्यू अथेना’ २०३७ च्या सुमारास अपेक्षित आहे. चंद्राइतकी धारदार नजर आणि कितीतरी मोठं फोटॉन-संकलन एकत्र आणणाऱ्या ‘ॲक्सिस’ मोहिमेची नासाने २०२४ मध्ये सविस्तर अभ्यासासाठी निवड केली. अशा दुर्बिणीला यूएचझेड-१ सारख्या वस्तू एकेकट्या न दिसता मोठ्या संख्येने दिसायला हव्यात, आणि मग जड बीजं दुर्मीळ की सर्रास हे मोजता येईल. युरोपचीच ‘लिसा’ गुरुत्वलहरींतून लाखभर सूर्यांच्या कृष्णविवरांचं विलीनीकरण ऐकेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो वेधशाळा ताऱ्यांच्या वजनाच्या कृष्णविवरांसाठी आहे, तिला या जड बीजांचा सूर ऐकू येणार नाही.

तोवर जे आहे ते खुलं आहे. चंद्राची बहुतेक निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर कुणालाही फुकट मिळतात, ती वाचण्याच्या आज्ञावलीही फुकट आहेत. अलकनंदा पुण्यात बसून, वेबच्या अशाच खुल्या चित्रांतून सापडली. विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना अशा कामात हात देण्यासाठीच पुण्याचं आयुका १९८८ मध्ये स्थापन झालं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. इथल्या भौतिकशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीने एबेल २७४४ ची फाइल उघडली, तर आधी तिला मधोमध समूहातल्या तप्त वायूचा मोठा उजेड दिसेल. यूएचझेड-१ त्या उजेडात दिसणार नाही. तिला २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टखालचे फोटॉन गाळावे लागतील, वेबच्या चित्रातून दीर्घिकेची नेमकी जागा घ्यावी लागेल, भोवतालच्या वायूचा उजेड मोजून वजा करावा लागेल, आणि मग तो वीसेक फोटॉनांचा आकडा तिचा तिला पडताळून पाहता येईल.